सुध्याला पत्र

प्रिय सुध्या,

माझी तब्येत बरी आहे, घरचेही मजेत. पत्र लांबलं. पण आज तुलाच लिहायला हवं, कारण बाकीचे म्हणतात, "एक शाळा गेली, दुसरी घ्या."

व्यसनप्रतिबंधाच्या अभ्यासातल्या तुलना गटातली, म्हणजे कार्यक्रम न देता नुसती ताडून बघायला घेतलेली, एक शाळा बाहेर पडतेय. मुख्याध्यापक बदलले. नव्या बाई म्हणाल्या, "कार्यक्रम दुसऱ्या शाळांना आणि आम्हाला नुसत्या प्रश्नावल्या. आमच्या मुलांचे तास का द्यायचे?" प्रश्न रास्तच आहे रे. शेवटी तुम्हालाही कार्यक्रम मिळेल, हे आधीच्या सरांशी ठरलेलं त्यांच्या कानावरच गेलेलं नव्हतं.

चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर दुसरी शाळा कुठून घेणार? एका शाळेतली मुलं थोडीफार एकसारखी वागतात. हे साम्य शून्य ते एकच्या मापावर 0.02 एवढंच असलं, तरी शाळेमागे 100 मुलं धरली की सुटी सुटी मुलं निवडली असती त्याच्या जवळजवळ तिप्पट मुलं लागतात. वेगवेगळ्या शाळांतून शंभर मुलं गळाली तर निभावतं. एक अख्खी शाळा गेली की कंबरडंच मोडतं.

मुलांची गळती वेगळीच छळते. पाहणीच्या दिवशी गैरहजर असतात त्यांत सिगारेट ओढणारी जास्त. पालकांची सही न आणणाऱ्यांतही बरीचशी जोखमीतलीच. आठवतं, यावरून आपण रात्रभर भांडलो होतो आणि मंदाताईंनी दिवा मालवला तरी तू अंधारात मुद्दे मोजत होतास! पालकांनी नकार कळवला नाही म्हणजे संमती, असं तुझं म्हणणं. मला आजही लेखी सहीच हवी. त्यासाठी घरोघरी फोन करावे लागले, गैरहजरांसाठी पुन्हा फेऱ्या माराव्या लागल्या, तरी चालेल.

आपला तो अमेरिकेतला, शाळकरी मुलांचं धूम्रपान रोखण्याचा हचिन्सनचा अभ्यास आठव. वॉशिंग्टन राज्यातले 40 शालेय जिल्हे, तिसरीतली 8,388 मुलं, आणि शाळा संपून दोन वर्षं झाल्यावरही 94 टक्के सापडली! 2000 साली निकाल आला: कार्यक्रमानं धूम्रपान कमी झालं नाही. पण निम्मी मुलं हरवली असती तर त्या नकारार्थी निकालावर कुणी विश्वास ठेवला असता?

तुझ्या बढतीचा फार आनंद झाला. लेकीची परीक्षा कशी गेली?

सोमवारी त्या बाईंना भेटतोय. कार्यक्रम कधी मिळेल ते लेखी देणार, त्यांच्या शाळेचे एकत्रित आकडे फक्त त्यांनाच देणार, पाहणीचे तास त्यांच्या सोयीनं ठरवणार. तूही आता मुख्याध्यापक आहेस. माझ्यासारखा कुणी तुझ्या दारात आला, तर काय ऐकून तू हो म्हणशील? सोमवारच्या आत कळव.

तुझा,
विनू