कामगार मंत्र्यांना खुले पत्र: जॅक कुणी काढायला लावले, तेही अहवालात येऊ द्या

मा. कामगार मंत्री महोदय,
सविनय नमस्कार.

मी सेंट्रिंगचा, म्हणजे स्लॅबचा साचा आणि टेकू उभारणारा मिस्त्री. एकोणीस वर्षे उंच इमारतींवर काम केले, आता अंथरुणावर आहे. उजव्या पायात रॉड बसवलाय. गेल्या वर्षी स्लॅब कोसळून दोघे गेले तेव्हा आपण शब्द दिला होता, की इंजिनिअरच्या लेखी परवानगीशिवाय एकही जॅक, म्हणजे ताजा स्लॅब खालून पेलणारा लोखंडी टेकू, निघणार नाही. तो कागद आमच्या साइटवर कधी आलाच नाही.

सतराव्या मजल्याचा स्लॅब भरायचा होता, जॅक कमी पडले. सुपरवायझर म्हणाला, सोळाव्याच्या बाल्कनीखालचे काढा. ती भरून सहाच दिवस झाले होते. क्यूबचा, म्हणजे काँक्रीट किती घट्ट झाले त्याच्या चाचणीचा रिपोर्ट आला का, विचारले, तर म्हणाला, "तू इंजिनिअर आहेस का?" पाच जॅक निघाले. सहाव्यावर हातोडी मारली आणि वर करकर आवाज झाला. सोबतच्या पोराला ढकलले म्हणून तो वाचला. माझा पाय खाली राहिला.

सहा इंची स्लॅबचा ओला माल चौरस मीटरला साडेतीनशे किलोच्या वर भरतो. ते ओझे जॅकवरून खालच्या कोवळ्या मजल्यांवर उतरते. मधला टेकू काढला की ते पेलायचे कुणी? डिप्लोमा करणाऱ्या मुलीने मला वाचून दाखवले: अमेरिकेत व्हर्जिनियात १९७३ साली बांधकाम चालू असलेल्या स्कायलाइन प्लाझा इमारतीत असेच टेकू लवकर काढले, मजल्यावर मजले कोसळत तळापर्यंत आले, १४ कामगार गेले. माझा तर जन्मही झाला नव्हता तेव्हा!

आणि आपल्या अधिकाऱ्यांचा अहवाल काय म्हणतो? "कामगाराने सेफ्टी बेल्ट लावला नव्हता." साहेब, स्लॅब अंगावर येतो तेव्हा बेल्ट काय करणार? एरवी तरी तो अडकवायचा कुठे? डोक्यावर हुक नसतो, म्हणून पायाजवळच्या सळईला अडकवतो. दोरी १.८ मीटरची. पायाशी अडकवली तर माणूस सव्वातीन मीटर खाली गेल्यावर ती ताणते, आणि मजल्याची उंची तीन मीटर. स्लॅबमध्ये सोडलेल्या भोकातून पडलेला माणूस दोरी ताणायच्या आत खालच्या स्लॅबवर आपटतो. हे तपासणाऱ्याला कळत नाही?

रात्री झोप लागत नाही. बायको चार घरची कामे धरते आहे. मुलीची फी राहिली आहे. मुकादम फोन उचलत नाही, ठेकेदार म्हणतो तू मुकादमाचा माणूस, बिल्डर म्हणतो आम्ही काम ठेक्याने दिलेय. मग मी कुणाचा? बिल चौरस फुटावर निघते, जॅक किती दिवस ठेवला यावर कुणाला पैसा मिळत नाही. म्हणून घाई. तपासणीला येणारे साहेब आदल्या दिवशी कळवून येतात, त्या दिवशी जाळ्या लागतात, दुसऱ्या दिवशी निघतात. सरकारे बदलली, हे बदललेले मी पाहिले नाही.

माझी भरपाई सावकाश द्या. आधी न कळवता माणूस पाठवा आणि जॅक काढण्याची परवानगी सहीनिशी मागा. चार दिवस बंद ठेवलेले काम परवा सुरू झाले. शनिवारी अठरावा भरणार आहेत. जॅक होते तेवढेच आहेत.

आपला,
एक सेंट्रिंग मिस्त्री