काका, तुमच्या टोपलीत फूल आलंय

प्रिय काका,
सप्रेम नमस्कार.

मंगळवारी सकाळी कळी उघडली. पांढुरक्या पाकळ्यांवर काळ्याजांभळ्या रेघा इतक्या दाट, की लांबून फूल काळंच वाटतं. प्रत्येक पाकळीला लांब शेपूट. मधला ओठ अळंबीसारखा, चुण्याचुण्यांचा.

तुम्ही येण्याआधी दोन वर्षं मी या ड्रॅक्युला व्हॅम्पायरा नावाच्या ऑर्किडला लाडाने मारत होते. कोकणात आईने सीतेची वेणी, तीही ऑर्किडच, काथ्याने आंब्याला बांधली नि विसरून गेली, तरी ती दर मे महिन्यात फुलायची. ऑर्किडला ऊब लागते, हे तेव्हापासून डोक्यात पक्कं. म्हणून एक्वादोरच्या पिचिंचा भागातलं, दोन हजार मीटरच्या आसपास ढगात वाढणारं झाड मी हीटरशेजारी ठेवलं! पानांची टोकं काळी पडली की आणखी खत घालायचे.

तुम्ही काही न बोलता कुंडी उलटी केलीत. तळाशी तीन काळे, वेटोळे झालेले दांडे निघाले. ‘‘अगं, याचा फुलाचा दांडा खाली जातो. तू वाटच ठेवली नाहीस.’’ काका, त्या तीन कळ्या अजून डोळ्यांसमोर येतात.

पुढच्या रविवारी गुडघा दुखत असताना बसने आलात, लाकडी पट्ट्यांची टोपली घेऊन. तिच्यात शेवाळ सैल भरलंत आणि ती मागच्या पडवीत, उत्तरेच्या उघड्या खिडकीत टांगलीत. याला पाणी साठवायला कंद नसतात, म्हणून शेवाळ कधी सुकू द्यायचं नाही, हे तीनदा बजावलंत. मी विकतचं डिस्टिल्ड पाणी आणायचे, त्यावर मात्र हसलात. सॅन फ्रान्सिस्कोच्या नळाला ‘हेच हेची’ नावाच्या धरणाचं मऊ पाणी येतं, क्षार कमी, ते पुरे! आणि ज्या जुलैतल्या धुक्याला मी इतकी वर्षं शिव्या घातल्या, तेच याला मानवलं.

एक्वादोरच्या जंगलात ड्रॅक्युलाच्या काही जाती अळंबीसारखा वास सोडून माश्यांना फसवतात. आमच्या घरात फसलेली मी एकटीच; येता-जाता नाक लावून बघते.

टोपलीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, थालीपीठं मात्र मोजून नेलीत. पीठ भिजवून ठेवते. हे फूल फार दिवस टिकत नाही, तेव्हा रविवारपर्यंत याच. खिडकी उघडीच असते, स्वेटर घालून या.

तुमची,
दोन गल्ल्या पलीकडची