अकरावी सायन्स आणि माळ्यावर गेलेला तबला

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला आणि आमच्या गल्लीतल्या एका मुलाचा तबला माळ्यावर गेला. सहा वर्षं शिकत होता, हात छान बसला होता. ‘‘आजोबा, सायन्स घेतलं ना! बाबा म्हणाले, ‘नीट’ परीक्षा झाली की बघू,’’ एवढंच बोलून तो क्लासला पळाला. नागपुरात दर जूनमध्ये हे असंच चालतं. कुणाचा तबला सुटतो, कुणाची चित्रकला. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेतलं की गुण जास्त पडतात म्हणून भाषाही सुटते. मी तीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवलं. यात विज्ञानाचंच नुकसान आहे, हे मला कळकळीने सांगायचं आहे.

ध्वनीचा धडा आला की मी वर्गात तबला न्यायचो. पुडीवर, म्हणजे तबल्याच्या कातड्यावर, चिमूटभर रांगोळी भुरभुरायची. अनामिका शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या गोलाच्या, कडेला हलकेच टेकवून तर्जनीने चाटेवर, म्हणजे काठाच्या पट्टीवर, ‘ना’ हा बोल वाजवला की रांगोळी उडते आणि टेकलेल्या बोटाखालून जाणाऱ्या रेषेवर जमू लागते. त्या रेषेवर कातडं थरथरत नाही. पुस्तकात याला निस्पंद म्हणतात. व्याख्या सगळ्यांची पाठ असायची, पण एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी ओरडली, ‘‘सर, म्हणूनच बोट जड पडलं की ‘ना’ मरतो!’’ ती तबला शिकत होती. पुस्तकातलं तिच्या बोटांना आधीच ठाऊक होतं.

नुसत्या ताणलेल्या कातड्याचे स्वर एकमेकांशी जुळत नाहीत. तबल्याला मधोमध शाई चढवली की ते सुरेल पटीत येतात. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये सहकाऱ्यासह हे ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडलं. रामन यांचे वडील व्हायोलिन वाजवत. घरात वाद्य वाजत नसतं, तर त्यांना शाईचं कोडं पडलं असतं का? अर्थखात्याच्या नोकरीत ते काही काळ आपल्या नागपुरातही होते. गांधीसागरजवळच्या विज्ञान केंद्राला त्यांचंच नाव आहे.

पालकांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. स्पेनचे मेंदूशास्त्रज्ञ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचं होतं. डॉक्टर वडिलांना ते मुळीच पसंत नव्हतं. पण शरीररचना शिकवताना त्याच वडिलांनी मुलाकडून हाडांची चित्रं काढून घेतली. पुढे काहाल सूक्ष्मदर्शकाखालच्या मज्जापेशी हाताने रेखाटत राहिले. पेशी रंगवण्याची पद्धत इटलीचे शास्त्रज्ञ गोल्जी यांची होती, पण गोल्जींना त्यात एकसंध जाळं दिसलं, तर काहाल यांना सुट्या पेशी. काहाल बरोबर होते. १९०६ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं.

आणि आपले जयंत नारळीकर! विश्वाचं गणित मांडणारा हा माणूस मराठीत कथा लिहीत होता आणि २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला.

शिकवणी बंद करा, असं मी म्हणत नाही. आठवड्यातल्या दोन संध्याकाळी मुलांना परत द्या. महाविद्यालयांनीही विज्ञान शाखेच्या मुलांना मराठी घ्यायला आग्रहाने सांगावं.

पावसाळा तोंडावर आहे, दमट हवेत पुडी सैल पडून सूर उतरतो. त्या मुलाच्या वडिलांना कालच सांगून आलो, निदान तेवढ्यासाठी तबला खाली काढा आणि एकदा त्याच्या हाती द्या.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर