आई-बाबा, मी विमान घेतलंय

ती. आई-बाबा,
सा. न.

आधी मुद्द्याचं लिहिते, मग बाकीचं. मी एक विमान घेतलंय. जुनं, दोन सीटचं, कुणीतरी सुट्या भागांचं किट आणून स्वतःच्या शेडमध्ये बांधलेलं. दुरुस्त करून झालंय, उडवायला शिकतेय, आणि पुढच्या महिन्यात हवा चांगली असली तर इन्स्ट्रक्टर खाली उतरतील आणि मी एकटीने एक चक्कर मारीन.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा ‘बरं’ म्हणून गप्प बसले असते, आईने जेवलीस का म्हणून विचारलं असतं, आणि मग दोघंही रात्रभर जागे राहिला असता. पत्र सावकाश वाचता येतं, परत वाचता येतं. निर्णय झालाय, परवानगी मागायला लिहीत नाहीये. पण तुम्हाला अंधारात ठेवून उडायचं, हे माझ्याच्यानं व्हायचं नाही.

बाबा, तुमचा पहिला प्रश्न मला इथूनच ऐकू येतोय: सेकंडहँड का? कारण नवं किट बांधायला हजारेक तास लागतात, म्हणजे नोकरी सांभाळून काही वर्षं. दुसरं म्हणजे हे किटफॉक्स जातीचं विमान आहे. त्याचं पहिलं डिझाइन 1984 मध्ये उडालं, आणि तेव्हापासून जगभर ती इतकी बांधली गेलीत की त्यांच्या कुठल्या भागाला काय होतं हे माहीत असणारी माणसं भेटतात. याची सगळी लॉगबुकं मिळाली. बांधणाऱ्याने कुठल्या दिवशी कुठला बोल्ट बसवला तेसुद्धा लिहून ठेवलंय, तुमच्यासारखंच बारीक अक्षर. कर्ज काढलेलं नाही. तुमच्या दोघांसाठी वेगळे ठेवलेले पैसे जिथल्या तिथे आहेत, आणि माझ्या तिकडे येण्याच्या सुट्ट्यांनाही हात लावलेला नाही. हेही वाटलं की पन्नाशीनंतर शिकण्यापेक्षा आत्ता शिकलेलं बरं, हात आणि डोळे दोन्ही चांगले आहेत तोवर.

घेण्याआधी एका जाणत्या मेकॅनिकला घेऊन गेले होते. त्यांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. आधी शेपटीकडे वाकले आणि टॉर्च मारला. आत उंदराचं घरटं होतं. या विमानाचा सांगाडा बारीक पोलादी नळ्यांचा असतो आणि त्यावर कापड चढवलेलं असतं. घरटं असलं की त्याखाली ओल आणि उंदराचं मूत साचतं, आणि नळी आतल्या आत गंजत जाते. घरटं काढून रंग खरवडला तेव्हा खालच्या नळीवर बोटाच्या पेराएवढा खड्डेदार गंज निघाला. विक्री तिथेच थांबली असती, पण मेकॅनिक म्हणाले, बाकी सांगाडा ठणठणीत आहे, एवढा तुकडा बदलता येईल. किंमत त्या हिशोबाने उतरली. मग त्या कामाचा परवाना असलेल्या वेल्डरकडून तो भाग कापून, नवा तुकडा घालून, बाहेरून जरा मोठ्या नळीची बाही चढवून जोडून घेतला. आता त्या जागी आधीपेक्षा जास्त लोखंड आहे, आई, कमी नाही.

त्यासाठी शेपटीकडचं कापड काढावं लागलं, आणि ते परत चढवायचं काम मी स्वतः केलं. पॉलिएस्टरचं कापड असतं. आधी गोंदाने सांगाड्याला चिकटवायचं, तेव्हा ते चांगलं ढिलं दिसतं. मग त्यावर इस्त्री फिरवायची. आधी साधारण 120 अंश, शेवटी 175 च्या आसपास. उष्णतेने कापड आक्रसतं आणि टकटक वाजेल इतकं ताणलं जातं. त्याहून जास्त तापवलं तर उलट सैल पडतं, आणि मग ते काही परत ताणलं जात नाही. म्हणून इस्त्रीच्या चकतीवर विश्वास ठेवायचा नाही, तळ थर्मामीटर लावून मोजायचा. आई, मला सारखी तू आठवत होतीस. शाळेचा फ्रॉक इस्त्री करताना बोट ओलं करून तळाला लावायचीस आणि चर्र झालं की माझ्याकडे बघून हसायचीस. मी पलंगावर पेटीकोटवर बसलेली असायचे. तुझ्याइतकी सुबक शिवण मला आली नाही, पण कापडावर एकही चुणी नाही, बघशील तर खूश होशील. वरून चंदेरी रंगाचे हात दिलेत. त्यात ॲल्युमिनियमची पूड असते, ती ऊन अडवते. असं कापड कुजत नाही, त्याला मारतं ते ऊन.

इंजिन रोटॅक्स 912 आहे, 80 हॉर्सपॉवरचं, चार सिलिंडरचं. बाबांना आवडेल. हेड पाण्याने थंड होतात, सिलिंडर हवेने. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आणि त्यांची इग्निशन पूर्ण वेगवेगळी, म्हणजे एक बंद पडली तरी इंजिन चालतं. प्रत्येक उड्डाणाआधी इंजिन मिनिटाला साधारण 4000 फेऱ्यांवर नेऊन एकेक इग्निशन बंद करून बघायची. फेऱ्या थोड्या उतरतात, त्या मर्यादेत आहेत ना ते बघायचं. पेट्रोलच्या, तेलाच्या, पाण्याच्या सगळ्या रबरी नळ्या दर 5 वर्षांनी बदलायच्या, असं कंपनीचंच सांगणं आहे. आधीच्या मालकांनी त्या जास्त चालवल्या होत्या. वाकवल्यावर तडे दिसले. मी एकूण एक नळी नवी घातलीय, क्लॅम्पसकट.

या इंजिनचं तेल बघायची एक तऱ्हा आहे. स्विच बंद आहेत याची खात्री करून प्रोपेलर हाताने फिरवत राहायचा, फक्त चालायच्या दिशेने, तेलाच्या टाकीतून गुडगुड ऐकू येईपर्यंत. मगच पट्टी बुडवून वाचायची, नाहीतर तेल इंजिनात उरतं आणि पट्टी खोटं सांगते. रोज हे करताना पाचेक मिनिटं जातात, आणि त्या पाच मिनिटांत माझं डोकंही शांत होतं. जिथे बोल्ट फिरतो, म्हणजे कंट्रोलच्या सांध्यांवर, तिथे नुसता नायलॉनचा नट चालत नाही, खाचांचा नट आणि तो फिरू नये म्हणून त्यात अडकवायची कॉटर पिन लागते. ‘पिन नसलेला नट उघडाच समजायचा’ हे बाबांचं वाक्य मी इथे इतक्यांदा म्हणते की आता शेडमधले बाकीचेही म्हणतात.

आता उडण्याचं. आई, हा भाग तू वाच, टाळू नकोस. इंजिन आकाशात बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येत नाही. ते तरंगत उतरतं. 300 मीटर उंचीवरून दोनेक किलोमीटर जाता येतं, आणि हे विमान इतकं हळू उतरतं की बरं शेत पुरतं. म्हणून उडताना माझी नजर सारखी खाली एक शेत धरून असते. इन्स्ट्रक्टर मधेच इंजिनचा जोर काढून घेतात आणि विचारतात, ‘सांग, कुठे?’ आता उत्तर द्यायला मला विचार करावा लागत नाही. खूप हळू गेलं आणि नाक वर राहिलं तर पंख वजन तोलायचं सोडतात. ते आम्ही उंचावर जाऊन मुद्दाम करतो. नाक खाली घातलं की पंख परत तोलायला लागतात. ते हाताला कळलं तेव्हाच मनातली खरी भीती गेली.

अवघड आहे ते जमिनीवरचं. याचं तिसरं चाक शेपटीखाली आहे, वजन मुख्य चाकांच्या मागे पडतं. त्यामुळे उतरताना जरा तिरपं झालं की ते तिरपेपण आपोआप वाढत जातं, पायांनी ताबडतोब सावरावं लागतं. विमान पूर्ण थांबेपर्यंत उडवायचं, हे मला पहिल्या दिवसापासून सांगितलंय.

बाबा, तुम्ही इंटरनेटवर शोधणार, म्हणून मीच सांगते. अमेरिकेत अपघातांचा तपास करणारी एनटीएसबी ही सरकारी संस्था आहे, तिने 2012 मध्ये हौशी लोकांनी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास केला. त्यात दिसलं की अपघात दोन ठिकाणी गोळा होतात: नवं विमान पहिल्यांदा उडतं तेव्हा, आणि जुनं विमान नव्या मालकाच्या हातात येतं तेव्हा. कारणं मुख्यतः इंजिनची ताकद जाणं आणि ताबा सुटणं. म्हणजे मी बरोबर त्या जागी उभी आहे. हे वाचून मी मागे फिरले नाही, पण सगळं त्याप्रमाणे आखलं. नळ्या बदलल्या त्या इंजिनसाठी. आणि ताबा सुटू नये म्हणून, नुसत्या साध्या शिकाऊ विमानावर न थांबता, याच विमानात, हे जातकुळीसकट ओळखणाऱ्या माणसाबरोबर शिकतेय. ते ‘आता जा’ म्हणाल्याशिवाय मी जाणार नाही. आणि ते म्हणाले तरी माझं मन नसेल तर नाही.

चार पट्ट्यांचा बेल्ट आहे. कान झाकणारा हेडसेट आहे, त्यामुळे माझ्या कानाची काळजी नको. केबिनमध्ये हीटर आहे, आणि आई, तू विणलेला राखाडी स्वेटर मी घालते. पाणी, डबा, सगळं बरोबर असतं. झोप पुरी झाली नसेल, सर्दी असेल, कुणाशी भांडण झालं असेल, तर त्या दिवशी विमान शेडमध्येच राहतं. कुठे वेळेवर पोचायचं असेल त्या दिवशी तर मुळीच नाही. म्हणून मी विमानाने येते असं कधीच म्हणणार नाही, आणि तुम्हीही कधी येतेस म्हणून विचारू नका.

आता तुमचं. उतरले की ‘उतरले’ एवढा मेसेज करीन. तो उशिरा आला तर तासभर थांबायचं, लगेच दादाला फोन लावायचा नाही. इन्स्ट्रक्टरांचा नंबर सोबतच्या कागदावर आहे, तो फ्रिजवर लावा. बाबा, बीपीची गोळी सकाळीच, ‘आज बरं वाटतंय’ म्हणून सोडायची नाही. मला उडण्यासाठी डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं, ते मी वेळेत घेतलं. तुमची डोळ्यांची तपासणी केव्हाची राहिलीय, या आठवड्यात उरका. आई, बाथरूममध्ये आधाराचा दांडा बसवून घे, सुताराला मी बोलले आहे, त्याला परत पाठवू नकोस. आणि गुडघ्याचं दुखणं माझ्यापासून लपवू नकोस, मी काही लपवलं नाही.

राग आला असेल तर येऊ दे. दोनचार दिवस बोलला नाहीत तरी चालेल, पण रविवारी फोन उचला.

बाबा, तुमच्या पेटीत लांब दांडीचा तो छोटा गोल आरसा असेल. दादा येणार आहे त्याच्याबरोबर द्या. इंजिनच्या मागच्या बाजूचा एक क्लॅम्प मी बोटांनी तपासते, पण मला तो डोळ्यांनी बघायचाय, आणि एकटीने उडायच्या आधी बघायचाय. इथे मिळतो तो आरसा त्या फटीत जात नाही.

तुमची,
मनू