सपाट गावाला एक गिअर पुरेसा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीतील सायकल खरेदीविषयीच्या लेखात गिअरची संख्या हाच सायकलीच्या दर्जाचा निकष मानलेला दिसला. सांगलीसारख्या सपाट गावात रोज बिनगिअरची सायकल चालवणाऱ्या माणसाला हे मान्य होणे कठीण आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

आपल्याकडच्या काळ्या सायकलीला पायडलजवळच्या पुढच्या चक्राला बहुधा ४४ आणि मागच्या फ्रीव्हीलला, म्हणजे पाय थांबले तरी चाक फिरू देणाऱ्या चक्राला, १८ दात असतात. त्यामुळे पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक जवळजवळ अडीच वेळा फिरते आणि सायकल सव्वापाच मीटरांहून थोडी अधिक पुढे जाते. मिनिटाला साठ-पासष्ट फेरे, एवढ्या सावकाश लयीतही ताशी वीस किलोमीटरच्या आसपास वेग मिळतो; सांगली-मिरज रस्त्यावरची रहदारी याहून अधिक वेग क्वचितच घेऊ देते. घाटाची गोष्ट वेगळी. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणाऱ्याला गिअर हवेतच. परंतु सपाटीवर एकवीस गिअरची सायकल घेणारे बहुतेक जण दोन-तीन गिअरांतच वावरतात. चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा, मागच्या चाकापाशी लोंबणारा डिरेलर मात्र स्टँडवरच्या गर्दीत वाकतो आणि चेन भलत्याच दातांवर उड्या मारू लागते. एका सरळ रेषेत धावणाऱ्या जाड चेनला हा त्रास नाही. तेल, हवा आणि वर्षाकाठी एक ओव्हरऑइलिंग एवढ्यावर तिचे भागते.

तरीही या सायकलीची ओढ केवळ कमी खर्चाची नाही. गिअर नसला की चढाचा, वाऱ्याचा आणि ओझ्याचा हिशेब पायांनाच करावा लागतो, आणि पूल दिसताच आधीपासून वेग धरण्याची सवय आपोआप अंगवळणी पडते. ‘फिक्स्ड’ सायकलीत तर फ्रीव्हीलही नसते. चाक फिरते तोवर पायडल फिरतच राहते, उतारावरही पाय स्वस्थ ठेवता येत नाहीत, आणि पायडलला उलटा जोर देऊन वेग कमी करता येतो. प्रथम हे जाचक वाटते. पुढे पुढे रस्त्यावरची वाळूसुद्धा तळपायांना कळू लागते, आणि मग साधी सायकल काहीशी बधिर वाटते. वेलोड्रोमवरच्या, म्हणजे सायकलींसाठी खास बांधलेल्या गोलाकार धावपट्टीवरच्या, शर्यती अशाच सायकलींवर होतात. जपानमध्ये १९४८ साली कोकुरा येथे सुरू झालेली केइरिन शर्यतही त्यांतलीच. तिच्यावर कायदेशीर पैजा लागतात आणि महायुद्धानंतर स्थानिक संस्थांच्या तिजोरीत भर पडावी हाच तिचा एक हेतू होता.

एक गिअर म्हणजे मागासलेपण, असे वाटणाऱ्यांनी टूर द फ्रान्सचा इतिहास पाहावा. १९०३ साली सुरू झालेल्या या शर्यतीचे संस्थापक आंरी देग्रांज यांनी प्रमुख स्पर्धकांना डिरेलर वापरण्यास दीर्घकाळ मज्जाव केला. १९३७ मध्ये परवानगी मिळेपर्यंत हे स्पर्धक डोंगराच्या पायथ्याशी उतरत, मागचे चाक काढून उलटे बसवत आणि दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रावर चेन चढवून वर निघत. आल्प्समध्ये असला हट्ट म्हणजे छळच होता, हे मीही म्हणेन. पण ते डोंगर अशाही सायकलींनी पार झाले.

बिनब्रेकची फिक्स्ड सायकल रस्त्यावर आणण्याच्या हौसेला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. वेलोड्रोमवर ब्रेक नसतात, कारण तिथे समोरून रिक्षा येत नाही. लंडनमध्ये २०१६ साली पुढचा ब्रेक नसलेल्या अशा सायकलीच्या धडकेने एका पादचारी महिलेचा मृत्यू झाला आणि पुढच्या वर्षी चालकाला अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तिथला कायदा फ्रीव्हील नसलेल्या फिक्स्ड चाकाला मागचा ब्रेक मानतो, पण पुढचा ब्रेक सक्तीचा ठेवतो. आपल्याकडच्या हौशी तरुणांनी एवढे तरी पाळावे.

ज्येष्ठांना किंवा ओझे नेणाऱ्यांना एक गिअर जड वाटत असेल, तर नवी सायकल घेण्याआधी त्यांनी १८ ऐवजी २० दातांचे फ्रीव्हील बसवून पाहावे. पायावरचा भार सुमारे दहा टक्क्यांनी हलका होतो, वेग थोडा घटतो, आणि फार तर चेनच्या एक-दोन कड्या वाढवाव्या लागतात.

आपला,
एक सायकलस्वार वाचक, सांगली