काकू, कागद आला

तीर्थस्वरूप काकूंना सा. न. वि. वि.

तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर पत्र लिहायचं म्हणजे गंमतच आहे. पण तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा टाकू का?" म्हणून विषय बदलता. म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शाहूपुरीत शिरलं आणि माझं झेरॉक्स मशीन दुकानातच बुडालं. नवं घेतलं ते क्रेडिट कार्डावर. सहा-सात महिन्यांत लॉकडाउन लागला. शाळा-कॉलेजं बंद, मग झेरॉक्स काढणार कोण? 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम तेवढी भरत राहिलो आणि कर्ज फेडतोय अशी स्वतःची समजूत घालत राहिलो. पुढे तेही जमेना.

२०२२ मध्ये एका रात्री नऊ वाजता मी जिन्यात उभा राहून वसुलीवाल्याच्या हातापाया पडत होतो. तुम्ही दार उघडलंत, माझ्या हातातून फोन घेतलात आणि म्हणालात, "सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. उद्या बोला." फोन ठेवला. मग मला आत बसवून सगळी बिलं मागवलीत. बँकेत जन्म काढलेल्या बाईपुढे ती बिलं पसरताना मला कपडे काढल्यासारखं वाटलं होतं, हे आज सांगतो.

वर्षाच्या शेवटी लोकअदालतीत तुम्ही सोबत आलात. मी उत्साहात बारा हप्ते म्हणणार होतो. तुम्ही कोपर मारलंत. "इथल्या निवाड्यावर अपील नसतं बाळ. पेलेल तेवढंच कबूल कर." दोन लाख चौऱ्याहत्तर हजारांची तडजोड १,५३,००० वर झाली, साडेआठ हजारांचे अठरा हप्ते. जून २०२४ मध्ये शेवटचा भरला आणि पेढे घेऊन तुमच्या दारात आलो.

तुम्ही पेढा हातात धरून विचारलंत, "कागद आला का?"

खरं सांगू? राग आला होता. अठरा महिने मान मोडून पैसे भरले, आणि या बाईला कागद हवाय! पण बँकेत "सिस्टिमला क्लिअर दिसतंय" यापलीकडे कुणी बोलेना. तीन हेलपाटे घातल्यावर ना-देय दाखला, म्हणजे आता काही देणं उरलं नाही असा कागद मिळाला. मग तुम्ही सिबिलचा, म्हणजे आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या कंपनीचा रिपोर्ट काढायला लावलात (वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, हे मला चाळिशीत कळलं), तर त्यात बाकी तशीच! तो दाखला जोडून तक्रार केली. तीस दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला शंभर रुपये भरपाई मिळते, असं तुम्हीच सांगितलंत. दुरुस्ती बाविसाव्या दिवशी झाली. भरपाई हुकली याचं माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त वाईट वाटलं.

खात्यापुढे 'क्लोज्ड' नव्हे, 'सेटल्ड' लिहून आलं, म्हणजे पूर्ण फेड नव्हे, तडजोड. तो शब्द मला झोपू देईना. सूट मिळालेले १,२१,००० भरले तर बँक तो बदलून देऊ शकते, हे कळल्यावर मी भिशी उचलून भरायला निघालो. तुम्ही एवढंच म्हणालात, "पाणी दुकानात शिरलं होतं की डोक्यात?"

त्यानंतरचं तुमचं सांगणं मला सगळ्यात उपयोगी पडलं. साडेआठ हजार बाजूला काढायची सवय हाताला लागलीच आहे, ती मोडू नको. हप्ता चालूच ठेव, फक्त आता स्वतःला भर. रोज शंभर रुपये पिग्मी, चार हजारांची आरडी आणि उरलेले दीड हजार बायकोच्या हातात, हिशेब न विचारता. शेवटचं कलम मला पटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात दुकानाचं शटर तुटलं तेव्हा पैसे तिच्याच डब्यातून निघाले.

कार्डाला मात्र मी हात लावणार नव्हतो. त्यावरून आपलं महिनाभर भांडण झालं. "उधारी वेळेवर फेडलेली दिसली नाही तर विश्वास कशावर ठेवायचा?" हा तुमचा मुद्दा शेवटी मान्य केला. वीस हजारांच्या एफडीवर कार्ड काढलं. त्यावर फक्त लाइटबिल भरतो आणि पूर्ण रक्कम मुदतीच्या आधी चुकती करतो. सिबिलचा स्कोअर ५८१ होता, आता ७१२ आहे. 'सेटल्ड' अजून आहेच. सवड होईल तसं बघू.

परवा 'प्री-अप्रूव्हड लोन'चा फोन आला. दुपारचे तीन वाजले होते, म्हणजे नियमात होता. मी नको म्हणालो आणि पाठोपाठ मोठ्यांदा हसलो. गिऱ्हाईक बघतच राहिलं.

नोव्हेंबरात तुमचा हयातीचा दाखला असतो. झेरॉक्स माझ्याकडेच काढायची, पैसे घेणार नाही. तुम्ही दोन रुपये काउंटरवर ठेवून जाणार, हे माहीत आहे. मीही ते परत आणून तुमच्या दारात ठेवणार.

तुमचा,
तिसऱ्या मजल्यावरचा झेरॉक्सवाला