जप्त झालेली मूठभर माती

लालबाग, मुंबई
श्रावण वद्य पंचमी

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे होत आले. एरवी मी उत्तराला इतका उशीर लावत नाही. पण या वेळी कागद पुढे ओढला की तुझ्या आईचा, काकूंचा चेहरा डोळ्यांपुढे यायचा आणि लिहिणे राहून जायचे. शेवटच्या आजारपणात त्यांनी तुझ्याकडे एकच वस्तू मागितली होती, कृष्णाकाठच्या तुमच्या शेतातली माती. ती तू स्टीलच्या डब्यात भरून नेलीस, कॅनडात विमानतळावर उतरताच प्रामाणिकपणे सांगितलीस, आणि तिथल्या अधिकाऱ्याने डबा उघडून माती काढून घेतली. रिकामा डबा घेऊन तू काकूंच्या खाटेपाशी गेलास. 'त्या मुठीने आईला असे काय मिळाले असते, आणि ती न मिळाल्याने मी इतका का मोडलो?' हा तुझा प्रश्न मी गेले तीन आठवडे मनात वागवतो आहे.

त्या अधिकाऱ्याचा तुला राग आला, वाचताना मलाही आला. पण नंतर मला वाटले की त्या साऱ्या प्रवासात मातीला तिच्या खऱ्या स्वरूपात ओळखणारा कदाचित तोच एक होता. परवान्याशिवाय परदेशची माती त्या देशात नेता येत नाही, कारण माती जिवंत असते. चमचाभर सुपीक मातीत पृथ्वीवर जितकी माणसे आहेत त्यांहून अधिक सूक्ष्म जीव नांदत असतात, आणि त्यांतला एखादा परक्या रानात जाऊन तिथल्या पिकाचा घात करू शकतो. पहिल्या वळवाच्या सरीनंतर आपण ज्या वासाने वेडे होतो, तो वासही मातीतल्या अशाच जिवाणूंनी निर्माण केलेल्या द्रव्याचा असतो. आपण माती आठवण म्हणून डब्यात भरतो, तेव्हा नकळत एक अख्खे गाव बरोबर घेऊन निघालेलो असतो. तू नेत होतास ती केवळ खूण असती, तर तिला कोणीच अडवले नसते.

आता इकडची हकिकत सांगतो. आपली चाळ पाडली हे तुला कळवले होतेच. पावसाळ्यापूर्वी तिथे नव्या इमारतीच्या पायासाठी खोल खड्डा घेतला, आणि मी रोज संध्याकाळी पत्र्याच्या फटीतून तो पाहत उभा राहत असे. आपण ज्या जमिनीवर गोट्या खेळलो ती जमीन मी प्रथमच आतून पाहिली. वरती पुरुषभर उंचीचा भराव, त्यात दगडगोटे, विटांचे तुकडे, कौलांच्या खापऱ्या आणि कोळशाची राख; त्याखाली काळपट, चिकट, ओला चिखल आणि त्यात पांढरे शिंपले; त्याच्याही खाली पिवळसर मुरूम आणि शेवटी काळा कातळ. म्हणजे आपल्या पायांखाली समुद्र होता! सात बेटांची ही मुंबई भराव घालून घालून एक झाली, हे आपण शाळेत शिकलो होतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात वरळीकडची खिंड हॉर्नबीच्या बांधाने बुजवली, 1845 साली माहीमचा बांध वाहतुकीला खुला झाला, हेही पाठ केले होते. पण शिंपले डोळ्यांनी पाहिले तेव्हा ते अंगाला लागले. कोळी, आगरी असे मोजके जुने रहिवासी सोडले तर या शहराची माणसे बाहेरून आलेली, आणि पुष्कळशी जमीनही बाहेरून आणून घातलेली. आपल्याकडे पूर्वी गावात पिढीजात हक्काने जमीन कसणारा मिरासदार आणि दुसरीकडून येऊन कसणारा उपरी असा भेद असे. त्या हिशेबाने लालबागेतली मातीसुद्धा उपरीच म्हणायला हवी.

मुकादमाला विचारून मी त्या चिखलाचा एक गोळा घरी आणला. खिडकीत वाळल्यावर तो राखाडी झाला, तडकला, आणि त्यावर मिठासारखा पांढुरका थर आला. आईने त्यात तुळस लावायचा हट्ट धरला. रोपवाटिकेतून पिशवीभर लाल माती आणून त्यात तो चिखल थोडासाच कालवला, आणि तुळस जगली आहे. आईचे म्हणणे असे की ज्या जागेने साठ वर्षे आपला भार वाहिला, तिचे एवढे तरी घरात असावे.

तुला आठवते का, लहानपणी आपण भांडत असू की माझ्या गावची माती लाल का आणि तुझ्या गावची काळी का, आणि खरी माती कोणती? त्याचे उत्तर मला फार उशिरा कळले. माझ्या देवगडचा जांभा, तुझ्या कृष्णाकाठची काळी आणि या खड्ड्याच्या तळाशी दिसलेला कातळ, या तिन्हींचे मूळ एकच आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेला तो लाव्हा. कोकणातल्या धो धो पावसाने त्यातले विरघळणारे सारे धुऊन नेले, लोह आणि ॲल्युमिनियम तेवढे उरले, म्हणून आमची माती तांबडी आणि दरिद्री. घाटाच्या पलीकडे पाऊस कमी, म्हणून तुमच्याकडे ते सत्त्व टिकले आणि चिकण काळी तयार झाली, जी पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वरची माती त्या भेगांत पडते, पुढच्या पावसाने खालची वर येते, आणि शेत वर्षानुवर्षे स्वतःच स्वतःला उलथत राहते. जुनी माणसे गावाची ओळख काळी आणि पांढरी या दोनच शब्दांनी सांगत: पिकते ती काळी, माणसे वसतात ती पांढरी. काकूंनी मागितली होती ती काळीतली माती, पांढरीतली नव्हे. याकडे तुझे लक्ष गेले होते का? घराच्या उंबऱ्याची माती मागणे अधिक स्वाभाविक नव्हते का? त्याकडे मी शेवटी येतो.

आधी तुझ्या वडिलांविषयी, अण्णांविषयी. ते तालमीत जात, तेव्हा आपण दोघे दाराशी बसून पाहत असू. हौद्यातली ती लाल माती, तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती महिनोन्महिने मुरवलेली, आणि जोडीदाराला भिडण्याआधी अण्णा त्यातली चिमूट कपाळाला लावून मग मूठभर त्याच्या अंगावर टाकत. मला त्यांची एक गोष्ट विसरता येत नाही. गावाहून परत येताना ते रुमालाच्या गाठीत शेतातली माती बांधून आणत, आणि चाळीत पाऊल टाकण्यापूर्वी तालमीत जाऊन ती गाठ हौद्यात सोडत. एकदा मी विचारले, तेव्हा म्हणाले, "जिथं घाम गाळायचा, तिथं आपलं कायतरी आधी घालावं लागतं." 1982 सालच्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, गिरणगावाची धुरांडी थंडावली आणि अण्णा गावी गेले ते गेलेच. पण मूठभर कृष्णाकाठ लालबागेत राहिला. अण्णांनी माती आणली होती ती जपून ठेवायला नव्हे. मला वाटते, आपल्या दोघांच्या पिढीचे चुकले ते इथेच. आपण माती फ्रेममध्ये लावायला निघालो.

श्रद्धेच्या बाजूनेही पाहिले तर हेच दिसते. आता गणपती जवळ आले, लालबागेत मंडपांचे बांबू उभे राहिले आहेत. आपल्या घरचा गणपती शाडूचा, आणि मुंबईतली शाडू येते बहुतेक गुजरातेतून. परमुलखातली माती पाटावर येते, प्राणप्रतिष्ठेने देव होते, आणि दीड दिवसाने आपण तिला निरोप देतो; 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' असे म्हणून अक्षता टाकतो. पार्थिव म्हणजे पृथ्वीचे, मातीचे. देवाच्या मूर्तीला आपण पार्थिव म्हणतो आणि माणूस गेला की त्याच्या देहालाही पार्थिवच म्हणतो; मराठीने हे दोन्ही अर्थ एका शब्दात शेजारी शेजारी बसवले, त्याचा मला काकूंची बातमी आली त्या दिवशी पहिल्यांदा उलगडा झाला. विसर्जनाहून येताना त्याच पाटावर आपण चौपाटीची ओली वाळू घेऊन येतो आणि घरात टाकतो. दिल्याशिवाय परत आणायचे नाही, आणि दिल्यावर मोकळ्या हाताने यायचे नाही.

माझ्या आजोळी, सावंतवाडीच्या बाजूला, सातेरीच्या देवळात वारूळच देवी म्हणून पुजले जाते. लहानपणी मला त्याची भीती वाटे. आता वाटते, मुंग्या-वाळवीने आतून वर आणलेल्या मातीपेक्षा जमिनीचे खरे रूप दुसरे कोणते असणार? आपल्या चाळीतले कोकणी मुसलमान शेजारी गेले, तेव्हा कबरस्तानात प्रत्येकाने तीन मुठी माती दिली. तिथे म्हणतात त्या आयतीचा आशय असा, की याच मातीपासून तुम्हाला घडवले, तिच्यातच परत नेऊ आणि तिच्यातूनच पुन्हा बाहेर काढू. शिया लोक नमाजात कपाळ टेकतात ते करबलाच्या मातीच्या वडीवर. ज्यूंमध्ये परदेशी मरणाऱ्याच्या कबरीत पवित्र भूमीची चिमूटभर माती घालण्याची जुनी रीत आहे. म्हणजे काकूंचे मागणे किती जुने आहे ते बघ. पारशांची रीत मात्र याच्या अगदी उलट, आणि मला ती फार हलवून जाते. मृतदेहाने धरतीला विटाळ होऊ नये म्हणून ते तो पुरतही नाहीत आणि अग्नीलाही देत नाहीत. मलबार हिलवरच्या डोंगरवाडीत मातीपासून उंच दगडी बांधकामात ठेवतात. कुणी मातीला देह देऊन तिचा मान राखतो, कुणी न देऊन.

मायभूमीविषयी तू थोडे कडवट लिहिले आहेस, की तिकडे मी परका आणि इकडेही आता परकाच. भूमिपुत्र हा शब्द हल्ली दार लावून घेण्यासाठी वापरला जातो, हे मलाही सोसत नाही. हुतात्मा चौकातल्या पुतळ्यात शेतकरी आणि कामगार एकाच मशालीला हात लावून उभे आहेत; 1960 साली महाराष्ट्र झाला तो काळीतल्या आणि गिरणीतल्या, दोन्ही हातांनी झाला, आणि अण्णांच्या एकाच देहात ते दोन्ही होते. अथर्ववेदातल्या भूमिसूक्तात 'माता भूमिः पुत्रोऽहं पृथिव्याः' असे म्हटले आहे, त्यात सातबारा कुणाच्या नावावर आहे ते विचारलेले नाही. त्याच सूक्तात पुढे ऋषी म्हणतो की हे भूमी, तुझे मी जे खणेन ते लवकर पुन्हा उगवून येवो, तुझ्या मर्माला, हृदयाला माझ्याकडून इजा न होवो. आईवर पाय ठेवून जगावे लागते याचा संकोच ज्याच्या मनात आहे, तो मला त्या भूमीचा पुत्र वाटतो, मग तो कोठेही राहो. आपल्या आज्या सकाळी अंथरुणातून पाय खाली ठेवण्याआधी भूमीची क्षमा मागत, ती याच संकोचाने.

आता काळीच्या मातीविषयी. हे मी तुला यापूर्वीच सांगायला हवे होते. काकूंनी सांगितले तेव्हा त्या जाता जाता बोलल्या आणि मीही विसरलो, याची आज खंत वाटते. तुझा जन्म परळच्या रुग्णालयातला. माझी नाळ आजोळच्या परसात फणसाच्या मुळाशी पुरली होती, म्हणून लहानपणी मी तुला चिडवत असे की तुझी कुठेच नाही. एकदा काकूंनी ते ऐकले. मला बाजूला घेऊन त्या म्हणाल्या की तुझ्या बेंबीचा सुकून पडलेला देठ त्यांनी हळदीच्या फडक्यात बांधून पत्र्याच्या पेटीत जपला होता, आणि तू सहा महिन्यांचा असताना गावी गेल्यावर शेताच्या पूर्वेच्या बांधावर, विहिरीच्या अंगाला, स्वतःच्या हाताने पुरला. अण्णांनाही सांगितले नव्हते. त्यामुळे मला वाटते, त्यांनी मागितलेली माती स्वतःच्या माहेरपणासाठी नव्हती. परदेशी तुझ्या घरात मरताना त्यांना त्या घरात तुझी नाळ हवी होती. तुझ्या डब्यात ती माती त्या बांधाची होती की मधल्या वाफ्याची, हे आता कळायला मार्ग नाही.

काकूंच्या अस्थी अजून तुझ्याकडेच आहेत असे लिहिले आहेस. त्या नदीत सोडू नयेत असे माझे मत आहे. तुमच्याकडे आता काही घरांत अस्थी आणि रक्षा शेतात खड्ड्यात घालून वर झाड लावतात, नदीही घाण होत नाही. गणपती आटोपले की मी देवगडहून फोंडा घाटाने कोल्हापूर आणि तिथून तुमच्या गावी जाणार आहे. तुझ्या चुलत्यांशी बोलून पूर्वेच्या बांधाची जागा पाहून ठेवतो. काळी जमीन पाणी धरते, तिथे आंबा कुढेल, जांभूळ चांगले येईल. खड्डा वैशाखात तीन फूट खोल घेऊन उन्हाने तापू द्यायचा आणि मृगाचा पाऊस पडला की रोप लावायचे, असे तिकडचे लोक सांगतात. रजा त्या हिशेबाने काढ, आणि तो स्टीलचा डबा येताना बरोबर आण.

तुझा,
जुना शेजारी